आणलेले पाणी आणि सोडलेले पाणी

वसई तालुक्याचे गेल्या चार दशकांचे राजकारण एका शब्दात सांगावयाचे झाल्यास तो शब्द 'पाणी' हाच होय. प्रथम गावच्या विहिरींतून उपसून टँकरने विकले जाणारे पाणी, मग उसगाव आणि पेल्हारच्या धरणांचे पाणी, आणि त्यानंतर सूर्या प्रकल्पाचे पाणी, अशा टप्प्यांतून येथील नागरिक गेला आहे. प्रत्येक टप्प्यावर पाणी आणल्याचे श्रेय घेणारे पुढारी निपजले. जलवाहिनीच्या उद्घाटनांना सणाचे रूप आले. पाण्यासाठी उन्हातान्हात हंडे घेऊन उभ्या राहिलेल्या बायांना हा आनंद का झाला, हे समजण्यासारखे आहे. परंतु आणलेले पाणी वापरून झाल्यावर जाते कोठे, हा प्रश्न विचारण्याचे भान ना सत्ताधाऱ्यांनी दाखविले ना विरोधकांनी. या दुर्लक्षाची किंमत तालुक्यातील श्रमिक, शेतकरी आणि कोळी समाज आज मोजीत आहे.

प्रश्नाचे उत्तर साध्या अंकगणितात आहे. नगररचनेतील सर्वमान्य ठोकताळा असा की, घरात आलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते. वसई-विरार शहराला सूर्या योजनेतून २००, उसगावहून २० आणि पेल्हारहून १० असे मिळून दररोज २३० दशलक्ष लिटर पाणी मिळू लागले, तेव्हाच सांडपाणी १८४ दशलक्ष लिटरांवर गेले. महापालिकेची स्थापना ३ जुलै २००९ ची. त्यानंतर दहा-बारा वर्षे उलटली तरी तिच्या हाती शुद्धीकरण केंद्र होते ते एकच, विरार पश्चिमेच्या बोळिंज येथील. त्याची क्षमता ३० दशलक्ष लिटर. हे केंद्र पूर्ण क्षमतेने चालले असे गृहीत धरले तरी सहा लिटर सांडपाण्यातील जेमतेम एक लिटर शुद्ध होणार आणि पाच लिटर जसेच्या तसे नाल्यात जाणार. त्यात आता मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या ४०३ दशलक्ष लिटरांच्या सूर्या प्रादेशिक योजनेची भर पडली आहे. त्यातला वसई-विरारचा वाटा १८५ दशलक्ष लिटरांचा. हा वाटा पूर्णपणे शहरात पोहोचला म्हणजे सांडपाण्यात १४८ दशलक्ष लिटरांची वाढ होऊन एकूण आकडा ३३२ वर जाईल. विहिरी, कूपनलिका आणि टँकर यांचे पाणी या हिशेबात धरलेलेच नाही.

देशाचे चित्रही याहून फारसे उजळ नाही, हे मान्य केले पाहिजे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार भारतातील शहरांत दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते आणि त्यातील केवळ २०,२३६ दशलक्ष लिटरांवर प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती. तथापि, देशात शंभरातील अठ्ठावीस लिटर शुद्ध होतात आणि मुंबईला खेटून असलेल्या, लोकल गाडीने रोज लाखो कामगार मुंबईला पुरविणाऱ्या शहरात सोळा, ही तुलना कोणत्याही राज्यकर्त्याला भूषणावह नाही.

हे पाणी जाते कोठे, हे समजण्यासाठी वसईचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा लागेल. पूर्वेस तुंगारेश्वरचे डोंगर, उत्तरेस वैतरणेची खाडी, दक्षिणेस वसईची खाडी आणि पश्चिमेस अरबी समुद्र. मधली जमीन सखल. डोंगरावरचे पाणी नाल्यांनी खाडीत उतरावे आणि भरतीचे पाणी मिठागरांत, खाजणांत पसरावे, अशी निसर्गाची रचना. ज्या सोपाऱ्याच्या खाडीतून प्राचीन शूर्पारकाची गलबते देशोदेशी गेली, ती खाडी आज शहराच्या सांडपाण्याची वाट झाली आहे. खाडीत सोडलेले पाणी समुद्र वाहून नेतो, असा एक भाबडा समज प्रशासनात रूढ आहे. वस्तुतः ओहोटीबरोबर बाहेर गेलेल्या पाण्याचा मोठा भाग पुढच्या भरतीबरोबर परत आत येतो. दिवसातून दोनदा ही ये-जा चालते. खाडी म्हणजे वाहती नदी नव्हे, हे कोळ्याच्या पोराला कळते ते अभियंत्यांना कळू नये, याचे नवल वाटते.

सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्यावर जगणारे सूक्ष्मजंतू पाण्यातील प्राणवायू शोषून घेतात. घरगुती सांडपाण्याची ही प्राणवायूची भूक लिटरमागे साधारणतः २०० ते २५० मिलिग्रॅम असते. पोहण्यायोग्य समुद्राच्या पाण्यासाठी केंद्रीय मंडळाने घातलेली मर्यादा ३ मिलिग्रॅम आहे. शुद्धीकरण केंद्रात निराळे काही घडत नाही. चाळणीने कचरा अडवावयाचा, वाळू आणि गाळ खाली बसवावयाचा, मग टाक्यांत हवा सोडून त्याच सूक्ष्मजंतूंकडून ते द्रव्य खाऊन घ्यावयाचे आणि शेवटी पाणी जंतुरहित करावयाचे. जे काम केंद्रातील टाकीत यंत्राच्या हवेने व्हावयाचे ते आज खाडीत, माशांच्या वाट्याच्या प्राणवायूने होते. बहुतेक किनारी मासळीची पिले खाडीत आणि तिवरांच्या मुळांशी वाढतात. तेथील प्राणवायू संपला की, पुढे समुद्रातील जाळेही रिकामे येऊ लागते. निवटी, चिंबोरी, कालवे, शिवल्या गोळा करून संसाराला हातभार लावणाऱ्या स्त्रियांचे उत्पन्न कोणत्याही सरकारी खतावणीत नोंदलेले नसते. म्हणून ते बुडाले तरी त्याची नोंद होत नाही. अर्नाळा, पाचूबंदर, नायगाव येथील कोळीवाड्यांनी शहराच्या सांडपाण्याचा खर्च असा बिनबोभाट उचलला आहे. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य खर्च म्हणतात तो हाच. नफा एकाचा आणि भुर्दंड दुसऱ्याचा, असा त्याचा सोपा अर्थ.

दुसरा भुर्दंड जमिनीखालच्या पाण्याला. वसईच्या पश्चिम पट्ट्यात जमीन रेताड आणि भूजल उथळ. रहाटाने ओढलेल्या त्या गोड्या पाण्यावर केळी, पानवेली, फुले आणि भाजीपाला यांच्या वाड्या उभ्या राहिल्या. वसईची सुकेळी आणि पाने ज्या बागायतीतून बाजारात गेली तिचा आधार हे उथळ पाणीच होते. गावोगावची बावखले पावसाचे पाणी साठवून जमिनीत मुरवीत आणि समुद्राचे खारे पाणी आत येण्यास अटकाव करीत. त्यांपैकी अनेक बुजविली गेली. उरलेल्यांपैकी काहींत सांडपाणी शिरते. भुयारी गटार नसलेल्या वस्तीत प्रत्येक इमारतीची सेप्टिक टाकी असते आणि तिचे ओघळ रेताड जमिनीतून शेजारच्या विहिरीपर्यंत सहज पोहोचतात. म्हणजे ज्या विहिरीचे पाणी पूर्वी टँकरवाल्याने पळविले, तीच विहीर आता इमारतीच्या मैल्याने निकामी होते.

पर्यटनाची कथा याच भूमीवर घडते. अर्नाळा, नवापूर, राजोडी, कळंब या किनाऱ्यांवर दर शनिवार-रविवारी मुंबईकरांची रीघ लागते. रिसॉर्टचे तलाव भरतात ते बहुधा विहिरीच्या वा टँकरच्या पाण्याने, आणि रिकामे होतात ते त्याच वाळूत. पर्यटन हा व्यवसाय ज्या भांडवलावर चालतो ते भांडवल म्हणजे स्वच्छ वाळू आणि स्वच्छ समुद्र. ते कोणत्याही मालकाने निर्माण केलेले नाही. ते सार्वजनिक आहे. सार्वजनिक भांडवल वापरून खाजगी नफा मिळवावयाचा आणि त्या भांडवलाची झीज भरून काढण्याची जबाबदारी मात्र घ्यावयाची नाही, हा व्यवहार फार काळ चालू शकत नाही. समुद्र नासला की, पर्यटक दुसऱ्या किनाऱ्याकडे वळतो; मालकही आपली गुंतवणूक हलवितो. मागे राहतात ते खोल्या झाडणारे, जेवण रांधणारे, टांगा-रिक्षा हाकणारे स्थानिक लोक.

कायदा नाही म्हणून हे घडले, असे कोणी म्हणू शकणार नाही. जलप्रदूषणाविरुद्ध महाराष्ट्राने १९६९ साली स्वतःचा कायदा केला. केंद्राचा कायदा १९७४ चा. १९८० साली रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निर्वाळा दिला की, पैसा नाही ही सबब सांगून कोणतीही नगरपालिका गटारांची जबाबदारी टाळू शकत नाही. १९ फेब्रुवारी १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने शहरांचे अशुद्ध सांडपाणी किनारपट्टीत सोडण्यास बंदी घातली आणि चालू असलेला प्रकार थांबविण्यास जास्तीत जास्त तीन वर्षे दिली. ती मुदत १९९४ साली संपली. २०११ च्या अधिसूचनेने पुन्हा दोन वर्षे दिली. तीही २०१३ साली संपली. २२ फेब्रुवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नगरपालिकांना शुद्धीकरण केंद्रे उभारण्यासाठी तीन वर्षांची मुदत घालून दिली. ती २०२० साली संपली. तीन मुदती आल्या आणि गेल्या. या काळात इमारतींना मात्र कोणतीही मुदत आड आली नाही.

मग अडले कोठे? नालासोपारा पूर्वेच्या एका भूखंडाचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर देतो, आणि तो प्रत्येक कार्यकर्त्याने मुखोद्गत करावा असा आहे. विकास आराखड्यात तेथे सुमारे ६० एकर जमीन सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आणि कचराभूमी यांसाठी राखून ठेवलेली होती. २००९ पासून, म्हणजे महापालिका जन्माला आली त्याच वर्षापासून, त्या आरक्षित जमिनीवर एकामागून एक ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या. बनावट परवानग्यांच्या आधारे सदनिका विकल्या गेल्या, असा तपास यंत्रणेचा आरोप आहे. ८ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या सर्व इमारती पाडण्याचा आदेश दिला. रहिवाशांनी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. तेथेही त्यांना दिलासा मिळाला नाही. २० फेब्रुवारी २०२५ पर्यंत एकेचाळीसही इमारती जमीनदोस्त झाल्या. त्याच वर्षी सक्तवसुली संचालनालयाने या प्रकरणी धाडी घातल्या आणि महापालिकेच्या नगररचना खात्यातील वरिष्ठ अधिकाऱ्याच्या घरांतून कोट्यवधी रुपयांची रोकड आणि दागिने जप्त केले. आरोपांचा निवाडा न्यायालये करतील. परंतु एक गोष्ट निवाड्याची वाट पाहात नाही. एकेचाळीस इमारती एका रात्रीत उगवत नाहीत. पाया खणला जातो, खांब उभे राहतात, वीज येते, पाणी येते, घरपट्टीची पावती फाटते. हे सारे सर्वांच्या डोळ्यांदेखत झाले.

शुद्धीकरणाची जमीनच नेमकी का लुटली गेली, याचा विचार केला पाहिजे. शाळेचे किंवा रुग्णालयाचे आरक्षण गेले तर निदान काही पालक, काही रुग्ण ओरडतात. सांडपाण्याच्या आरक्षणाला वाली नसतो. उलट शेजारचे लोकही ते केंद्र आपल्या दाराशी नको म्हणतात. ज्या गरजेसाठी समाजात कोणी मागणी करीत नाही तिची जमीन भूमाफियाला सर्वांत स्वस्त पडते. म्हणूनच तंत्रज्ञानाच्या अभावाचे कारण येथे लागू पडत नाही. हा प्रश्न जमिनीच्या मालकीचा आणि संघटित मागणीच्या अभावाचा आहे. आणि या लुटीचे बळी कोण, तेही पाहावे. इमारती बांधणारा पैसे घेऊन गेला. आयुष्याची पुंजी त्या सदनिकांत घालणारे रिक्षाचालक, हमाल, दुकानांतील नोकर, घरकाम करणाऱ्या बाया रस्त्यावर आल्या. कायदा मोडणाऱ्यांच्या साखळीत ते शेवटचे होते. शिक्षा मात्र प्रथम त्यांना झाली.

या प्रश्नावर नेहमीची सबब म्हणजे पैसा. तिचाही हिशेब मांडून पाहावा. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने सांडपाणी आणि घनकचरा यांच्या हेळसांडीबद्दल महाराष्ट्र शासनावर १२,००० कोटी रुपयांची भरपाई बसविली. त्या आदेशाचे पुढे न्यायालयीन भवितव्य काहीही असो, सांडपाण्याची तूट मोजताना लवादाने धरलेला दर उपयोगी आहे: एक दशलक्ष लिटर क्षमतेमागे २ कोटी रुपये. वसई-विरारची भावी तूट सुमारे ३०० दशलक्ष लिटरांची. म्हणजे केंद्रांचा खर्च सुमारे ६०० कोटी. भुयारी वाहिन्यांच्या जाळ्याचा खर्च याच्या दुप्पट धरला तर एकूण १,८०० कोटी. शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सव्वाबारा लाखांच्या आसपास होती. आज ती २० लाख धरली तर माणशी खर्च ९,००० रुपये. ही व्यवस्था तीस वर्षे चालते असे मानल्यास वर्षाला ३०० रुपये, दिवसाला एक रुपयाहूनही कमी. व्याज आणि चालविण्याचा खर्च धरून तो तिप्पट केला तरी दिवसाला अडीच रुपये. गढूळ पाण्याने आजारी पडलेल्या मुलाला घेऊन दवाखान्याच्या एका फेरीत कामगाराचे याहून कितीतरी अधिक जाते.

अर्थात्, सरासरी ही फसवी गोष्ट आहे. नालासोपाऱ्याच्या चाळीतील एका खोलीच्या कुटुंबाने आणि समुद्रकाठच्या रिसॉर्टच्या मालकाने सारखेच पैसे द्यावेत, असा या हिशेबाचा अर्थ कोणी काढू नये. जो अधिक पाणी वापरतो, जो जमिनीच्या वाढलेल्या किमतीतून नफा कमावतो, त्याने अधिक दिले पाहिजे. एका चौरस फुटामागे हजारो रुपयांनी घरे विकणाऱ्या बांधकामदाराने त्या घरातून निघणाऱ्या सांडपाण्याचा खर्च विक्रीपूर्वीच भरला पाहिजे. दंडाने हे साधत नाही. हरित लवाद शासनाला दंड करतो, शासन महापालिकेला धारेवर धरते आणि दंडाची रक्कम अखेर नागरिकांच्या करातूनच जाते. ज्यांनी आरक्षित जमीन विकून खाल्ली त्यांच्या खिशाला या दंडाची झळ पोहोचत नाही. भरपाई वसूल करावयाची तर ती त्या नफ्यातूनच वसूल केली पाहिजे.

भुयारी जाळ्याऐवजी प्रत्येक मोठ्या गृहसंकुलाने स्वतःचे शुद्धीकरण केंद्र चालवावे, असा एक मार्ग अलीकडे सुचविला जातो. नव्या मोठ्या संकुलांसाठी तो पूरक म्हणून योग्य असेलही. परंतु ९ एप्रिल २०२४ रोजी विरार पश्चिमेतील एका मोठ्या वसाहतीच्या खाजगी शुद्धीकरण केंद्रात सफाईसाठी उतरलेले चार कामगार विषारी वायूने गुदमरून मरण पावले, हे विसरून चालणार नाही. मैला हाताने साफ करण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे. गटारातील मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली १० लाख आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाख रुपये ठरविली. कायदे आणि रकमा वाढत गेल्या, तरी टाकीत उतरणारा माणूस तोच राहिला: कंत्राटी, बिनानोंदणीचा, बहुधा त्याच जातींतला. बांधकामदार केंद्र बांधून मोकळा होतो, सोसायटी ते ठेकेदाराकडे सोपविते, ठेकेदार यंत्राऐवजी माणूस उतरवितो. जबाबदारी अशी हातोहात घरंगळत खाली येते आणि टाकीच्या तळाशी जाऊन थांबते. महापालिकेने हे काम आपल्याकडे घ्यावे, ही मागणी म्हणूनच स्वच्छतेइतकीच कामगार चळवळीचीही आहे.

नळाच्या दुसऱ्या टोकाचाही विचार येथे आवश्यक आहे. सूर्या प्रकल्प मुळात डहाणू, पालघर, विक्रमगड या तालुक्यांतील सुमारे १४,७०० हेक्टर शेतीच्या सिंचनासाठी आखला गेला. धामणी आणि कवडास येथील बांधकामांसाठी आदिवासींनी जमिनी दिल्या. आज ते पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरकडे वळत आहे आणि कालव्याच्या शेवटच्या टोकाचे आदिवासी शेतकरी आपल्या हक्काच्या पाण्यासाठी झगडत आहेत. शहरी कामगाराची तहान आणि आदिवासी शेतकऱ्याचे शेत एकमेकांविरुद्ध उभे करणे, ही राज्यकर्त्यांची जुनी खेळी. तिला छेद देण्याचा एक मार्ग सांडपाण्यातूनच जातो. नागपूरमध्ये भांडेवाडीच्या केंद्रात शुद्ध केलेले १३० दशलक्ष लिटर पाणी कोराडीच्या वीज केंद्राला पुरविण्यात आले. शुद्ध केलेले सांडपाणी औष्णिक वीज केंद्रांनी आणि औद्योगिक वसाहतींनी वापरावे, असे महाराष्ट्र शासनाचे धोरण २०१७ साली ठरले. वसईच्या वालीव, गोखिवरे परिसरातील कारखाने, बांधकामे, बागा आणि रिसॉर्टचे तलाव यांना शुद्ध केलेले पाणी देता आले तर तितके पाणी धामणीतून कमी ओढावे लागेल. शहराने शुद्ध करून पुन्हा वापरलेले पाणी म्हणजे आदिवासीच्या शेताला परत केलेले पाणी, एवढे सरळ हे गणित आहे.

समाजवादी चळवळीचे पाण्याशी नाते जुने आहे. मृणाल गोरे यांना गोरेगावच्या जनतेने 'पाणीवाली बाई' म्हटले ते उगाच नव्हे. नळ नसलेल्या वस्तीला नळ मागण्याचा अधिकार आहे, ही गोष्ट त्या लढ्यांनी महानगराला शिकविली. वसईतही टँकर लॉबीविरुद्ध आणि हरित पट्टा वाचविण्यासाठी लोक उभे राहिले. १९८८ साली फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती लढ्यात उतरली. पुढे ५३ गावे महापालिकेत घातली गेली तेव्हा त्यांपैकी अनेक गावांनी केलेला विरोध आणि २९ गावांचा वर्षानुवर्षे न्यायालयात रेंगाळलेला प्रश्न यांच्यामागेही हीच भीती होती की, कर शहराचा येईल आणि सोय मात्र येणार नाही. त्या लढ्यांचा पुढचा तर्कशुद्ध टप्पा म्हणजे सोडलेल्या पाण्याचा लढा. नळाची मागणी करणे सोपे असते, कारण कोरडा हंडा प्रत्येकाच्या घरात दिसतो. गटाराची मागणी कठीण, कारण घाण दुसऱ्याच्या दारात जाते. ज्यांच्या दारात ती जाते त्यांना आणि ज्यांच्या घरातून ती निघते त्यांना एका व्यासपीठावर आणणे, हेच राजकीय कार्यकर्त्याचे काम.

त्यासाठी मागण्या मोजक्या आणि नेमक्या असाव्यात. नालासोपाऱ्याची मोकळी झालेली आरक्षित जमीन एक इंचही दुसऱ्या कामासाठी वळविता कामा नये. तेथील शुद्धीकरण केंद्राचा कालबद्ध कार्यक्रम महापालिकेने जाहीर करावा. त्याच वेळी तेथून उठविलेल्या कुटुंबांचे पुनर्वसन व्हावे आणि त्याचा खर्च दोषींच्या जप्त मालमत्तेतून करावा. एक मागणी दुसरीच्या विरोधात वापरू दिली जाऊ नये. आराखड्यातील सांडपाण्याच्या उर्वरित सर्व आरक्षणांची यादी, त्यांची आजची स्थिती आणि त्यांवरील अतिक्रमण प्रभागवार फलकावर लावले जावे. सांडपाण्याची व्यवस्था सिद्ध झाल्याशिवाय नव्या मोठ्या बांधकामाला भोगवटा प्रमाणपत्र मिळू नये. किनाऱ्यावरील प्रत्येक रिसॉर्टच्या सांडपाण्याची तपासणी व्हावी आणि तिचे निकाल ग्रामस्थांना पाहावयास मिळावेत. मैल्याच्या टाकीत माणूस उतरविणाऱ्या ठेकेदाराबरोबरच त्याला काम देणाऱ्यावरही गुन्हा नोंदविला जावा आणि सफाई कामगार महापालिकेच्या कायम सेवेत घेतले जावेत.

या मागण्यांपैकी एकही क्रांतिकारक नाही. त्या बहुतेक कायद्यातच लिहिलेल्या आहेत. जून २०२० मध्ये महापालिकेच्या सभेची मुदत संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ येथे लोकांनी निवडलेली सभाच नव्हती. प्रशासकांनी कारभार हाकला. त्या काळात कोणाला जाब विचारावा, हे नागरिकाला उमजत नव्हते. त्या निनायकी काळाने दिलेला धडा असा की, सभागृह असो वा नसो, जाब विचारण्याची शक्ती वस्तीतच बांधावी लागते. प्रत्येक प्रभागातील कार्यकर्त्याने आपल्या वस्तीतील नाला उगमापासून मुखापर्यंत चालत जाऊन पाहावा. त्यात कोणत्या इमारतींचे पाणी मिळते, तो कोणत्या वाडीजवळून जातो, कोणत्या कोळीवाड्यापाशी खाडीला मिळतो, याची वही करावी आणि ती त्या कोळीवाड्याच्या, त्या वाडीच्या लोकांबरोबर बसून पुरी करावी. नालासोपाऱ्याच्या चाळीतला कामगार आणि पाचूबंदरचा मच्छीमार एकाच नाल्याच्या दोन टोकांना राहतात, हे त्या वहीतून प्रथमच दोघांना दिसेल. पुढच्या जलवाहिनीचे उद्घाटन होईल तेव्हा टाळ्या वाजविण्यापूर्वी त्या दोघांनी मिळून एकच प्रश्न विचारावा: या पाण्याच्या परतीची वाट कोठे बांधली आहे?